पाकपुस्तकांतली संध्याकाळ

मराठीत खाद्यविषयक लेखन विपुल आहे आणि बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळींच्या नियतकालिकांतून तर ते विशेष जिव्हाळ्याने होत आले आहे. पुरणपोळी, श्रीखंड, उकडीचे मोदक, चैत्रगौरीची आंब्याची डाळ, दिवाळीचा फराळ, लग्नातील पंगती या विषयांवरचे लेख कोणत्याही जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातून सहज काढता येतील. हे सारे लेखन एकत्र ठेवून पाहिले, म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी सणावारांचे आणि पाहुण्यारावळ्यांचे दिवस चाळीस धरले, तरी उरलेल्या सव्वातीनशे रात्री घरोघर जो स्वयंपाक होतो, त्याचे वाङ्मय आपल्याकडे जवळजवळ नाही. शाळा, बँक, कचेरी, दवाखाना किंवा दुकान येथून दिवसभराचे काम संपवून परतलेल्या व्यक्तीने, बहुधा स्त्रीने, साडेसातच्या सुमारास ओट्याशी उभे राहावे आणि तास-सव्वा तासात चार माणसांचे जेवण सिद्ध करावे, हा आपल्या काळातील सर्वांत सार्वत्रिक पाकप्रसंग होय. या प्रसंगाला मराठी पाकपुस्तकांनी आणि खाद्यलेखांनी कसे वागवले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम परंपरा पाहू. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की मराठी माणसाच्या खाद्यजीवनाच्या काही महत्त्वाच्या जुन्या नोंदी तंजावरात झाल्या. सतराव्या शतकातील रघुनाथपंडितांचा ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ संस्कृतात आहे, पण त्यात मराठी पदार्थ ओळखू येतात. पुढे सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याशी निगडित असलेले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रकाशात आणले. छापील पुस्तकांकडे वळले, तर रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. त्यानंतर १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ आले, आणि त्याच्या नावातच एक हजार पाकक्रियांचा उल्लेख होता. राजाचा मुदपाकखाना, पुरुष ग्रंथकाराचे शास्त्र आणि मग गृहिणीचा मित्र, असा हा प्रवास आहे. पाकग्रंथ पायरीपायरीने घराच्या जवळ येत गेला, हे त्यावरून दिसते. तथापि या सर्वांमागे एक समान गृहीत होते. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीपाशी दिवस आहे आणि तिच्या हाताखाली आणखी हात आहेत, असे ते गृहीत. मुदपाकखान्यात आचारी होते, एकत्र कुटुंबात जावा, नणंदा आणि विधवा आत्या होत्या. हजार पाकक्रिया करून पाहण्याइतका अवकाश त्या हातांच्या संख्येतून निर्माण होत असे.

हे गृहीत कोठे लिहिलेले नसते, पण ते पाककृतीच्या व्याकरणात वावरते. आपल्या पाकपुस्तकांची प्रचलित वाक्यरचना आठवून पाहा. ‘कांदा बारीक चिरावा. तेलाची फोडणी करावी. त्यात कांदा घालून गुलाबी होईपर्यंत परतावा.’ विध्यर्थी क्रियापदांची ही रांग मराठी गद्याच्या एका सुंदर शिस्तीचा नमुना आहे, यात शंका नाही. तिच्यात आज्ञेचा उद्धटपणा नाही आणि उपदेशाचा फापटपसाराही नाही. पण या वाक्यांत कर्ता नाही. कांदा चिरावा, कोणी चिरावा? ‘तिने’ हा शब्द त्या वाक्यात बसू शकतो, व्याकरण त्याला जागा देते, पण पाकपुस्तकाची रूढी ती जागा कायम रिकामी ठेवते. कर्ता दिसत नाही, म्हणून कर्त्याचा थकवाही दिसत नाही. त्याच वाक्यांत घड्याळही क्वचितच असते. ‘वास सुटेपर्यंत’, ‘तेल सुटू लागेपर्यंत’, ‘एकजीव होईपर्यंत’ ही आपली कालमापनाची परिमाणे आहेत. ती नाकाने, डोळ्याने आणि पळीच्या टोकाने मोजायची असतात. घड्याळाच्या मिनिटांपेक्षा ती अचूक आहेत, कारण कांदा, जाळ आणि कढई दर वेळी वेगळी असतात. परंतु ही परिमाणे पाळण्यासाठी माणूस तेथे सबंध वेळ उभा असावा लागतो. एका हाताने मुलाचा गृहपाठ पाहणाऱ्या, मधेच दार उघडायला जाणाऱ्या आणि सकाळी सहापासून पायांवर असलेल्या व्यक्तीला ‘गुलाबी होईपर्यंत’ हे शब्द फार लांबचे वाटू शकतात.

दूरचित्रवाणीवरील पाककलेच्या कार्यक्रमांनी हे व्याकरण बदलले. ‘घालावे’चे ‘घाला’ झाले आणि मग ‘आपण आता यात कांदा घालूया’ असे झाले. या ‘आपण’मध्ये वरवर पाहता सहभाग आहे. कर्ता वाक्यात परत आला, असेही म्हणता येईल. प्रत्यक्षात मात्र त्या ‘आपण’पैकी एक जण घालतो आणि बाकीचे पाहतात, आणि कांदा आधीच चिरून वाटीत ठेवलेला असतो. तो कोणी चिरला, हा प्रश्न येथेही पडद्याआडच राहतो.

या पार्श्वभूमीवर कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चे मोल नीट ध्यानात येते. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने मापे वाटी-चमच्याची दिली. शेर, तोळे आणि ग्रॅम यांऐवजी जी भांडी प्रत्येक मराठी घरात असतातच, तीच तिने माप म्हणून वापरली. या निर्णयाकडे निव्वळ सोय म्हणून पाहू नये. वाटीचे माप हे प्रमाणाचे माप असते. वाटी लहान घ्या वा मोठी, एक वाटी रव्याला किती वाट्या पाणी हे गुणोत्तर टिकते. त्यामुळे वजनकाटा नसलेल्या, सासूबाई शेजारी नसलेल्या, भाषाही वेगळी असलेल्या शहरात नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीला हे पुस्तक आधार देऊ शकले. लग्नात मुलीबरोबर द्यायचे पुस्तक ही त्याची ख्याती निराधार नव्हे. आपल्या इंदूर-ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या शहरांतील घरांना या पुस्तकाची उपयुक्तता निराळी समजावून सांगायला नको. मराठी चव टिकविण्यासाठी आवश्यक असलेली मौखिक परंपरा जेथे विरळ होते, तेथे पुस्तकाला सासूचे आणि आईचे काम करावे लागते, आणि ‘रुचिरा’ने ते केले.

तरीही समीक्षकाने येथे थांबून एक मर्यादा नोंदवली पाहिजे. ती ‘रुचिरा’ची एकटीची नाही, मंगला बर्वे यांच्या लोकप्रिय ‘अन्नपूर्णा’सह त्या संपूर्ण परंपरेची आहे. या पुस्तकांची मांडणी पदार्थांच्या जातींनुसार होते: चटण्या, कोशिंबिरी, भाज्या, आमट्या, भाताचे प्रकार, गोड पदार्थ. ज्ञान साठवण्यासाठी ही मांडणी उत्तम आहे. पण दमून आलेली व्यक्ती ‘आज कोणती कोशिंबीर?’ असा प्रश्न विचारत नाही. तिचा प्रश्न असतो, ‘घरात काय आहे, आणि आधी काय लावले म्हणजे सगळे एकदम होईल?’ हा क्रमाचा प्रश्न आहे. आधी डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावायचा, शिट्ट्या होईपर्यंत कणीक मळायची, कणीक मुरते तोवर भाजी चिरायची, एका शेगडीवर भाजी टाकून दुसरीवर तवा ठेवायचा, आणि शेवटच्या पोळीबरोबर वरणाची फोडणी. ही एका तासाची बांधणी प्रत्येक घरात रोज होते. ती करणाऱ्या स्त्रीच्या बुद्धीचा खरा कस तेथे लागतो. एकेका पदार्थाची कृती ही त्या बांधणीतील एक वीट. आपल्याकडे विटांची पुस्तके पुष्कळ आहेत. भिंत कशी उभी राहते, हे लिहिणारे थोडे.

‘कुकर लावणे’ हा शब्दप्रयोगच पाहा. हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांच्या कुकरांचा इतिहास आपल्या देशात १९५९ पासूनचा. पुढच्या काही दशकांतच मराठीने त्या परक्या भांड्याला आपले क्रियापद दिले. दिवा लावावा, देवापुढे उदबत्ती लावावी, तसा कुकर लावावा. खाली वरण, वर भात, मधल्या जागेत दोन बटाटे, अशा तीन कामांचा एका जाळावर निकाल लावणारे हे भांडे दमलेल्या संध्याकाळचे खरे मित्र ठरले. बोलभाषेने हे ओळखून नवा वाक्प्रचार घडवला. पाकपुस्तकाची भाषा मात्र पुष्कळदा ‘डाळ मऊ शिजवून घ्यावी’ एवढ्यावरच राहिली.

याचा अर्थ मराठी स्वयंपाकाला दमलेली संध्याकाळ ठाऊक नव्हती, असा मुळीच नाही. पिठले-भात, मुगाच्या डाळीची खिचडी, मेतकूट-भात, थालीपीठ, कुळथाची पिठी, शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात ही आपली अशा वेळची ठेव आहे. प्रदेशाप्रदेशाने तिचे रूप पालटते. गोव्याकडे सुक्या सुंगटांची किस्मूर आणि सोलकढी भाताशेजारी येऊन बसते, बेळगावकडे भाकरी-झुणक्याला शेंगदाण्याची चटणी सोबत करते. खिचडीचे उदाहरण तर फार बोलके आहे. गुजरातेत खिचडी-कढी हे रात्रीचे हलके जेवण, आणि बडोद्याच्या मराठी घरांनाही ते परके राहिलेले नाही. हैदराबादेत मात्र खिचडी, खिमा आणि खट्टा हा सकाळचा बेत. एकच पदार्थ एका शहरात दिवस सुरू करतो आणि दुसऱ्या शहरात तो संपवतो. सीमेपलीकडच्या मराठी घराला हे दोन्ही पाहायला मिळते, ही त्याची मिळकत आहे.

पण या झटपट पदार्थांविषयी लिहिताना आपले लेखक ज्या एका गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष करतात, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. थालीपीठ पंधरा मिनिटांत होते, हे खरे; परंतु भाजणी पंधरा मिनिटांत होत नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने हे सारे निवडायचे, प्रत्येक जिन्नस निराळा, खमंग भाजायचा, निववायचा आणि मग दळून आणायचा. मेतकुटाचीही तीच गत. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालावे लागतात. पापड-सांडग्यांना भर उन्हाळ्यात गच्चीवर राखण लागते. म्हणजे दमलेल्या रात्रीचे सोपे जेवण त्या रात्री होतच नसे. त्यातले मोठे काम कोणीतरी वैशाखात करून ठेवलेले असे. ते काम डब्यांत आणि बरण्यांत साठवलेले होते, आणि संध्याकाळची गृहिणी त्यातून एक मूठ काढून घेत असे. ‘आमच्या आईला अर्ध्या तासात जेवण करता येई’ असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्या अर्ध्या तासामागचे उन्हाळे आपल्या हिशेबात नसतात. नोकरी करणाऱ्या सुनेला त्याच अर्ध्या तासाचा दाखला दिला जातो. तिच्या वाट्याला मात्र आईची ती भरलेली फळी आलेली नसते आणि उन्हाळ्याची मोकळी दुपारही नसते. ही तुलना अन्यायाची आहे, आणि खाद्यविषयक स्मरणरंजनाने ती अनेकदा बळकट केली आहे.

स्मरणरंजनाचा उल्लेख आला, म्हणून भोक्त्याच्या वाङ्मयाविषयीही बोलले पाहिजे. पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख मराठी ललित गद्याचे लेणे आहे, आणि त्याच्या नावातच त्याची भूमिका प्रामाणिकपणे सांगितलेली आहे. ते खाणाऱ्याचे जीवन आहे. अडचण त्या लेखाची नाही. त्याच्या अनुकरणातून आलेल्या असंख्य लेखांची आहे. त्यांत चव ‘आईच्या हातची’ असते, पण त्या हातांना दिवसभरात आणखी काय काय करावे लागले, हे लेखात येत नाही. दृष्टी पाटावरून ताटाकडे जाते आणि तेथेच रमते. याउलट इंदुरात जन्मलेल्या दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीने ‘खमंग’ लिहिले, ही घटना मला अर्थपूर्ण वाटते. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला स्वयंपाकघर हा गंभीर विषय वाटावा, त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटावे, यात खाणारा आणि करणारा यांच्यातील भिंत थोडी तरी खचते.

ही भिंत अधिक जोराने हलवली ती शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकाने. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यजीवनाची नोंद करणाऱ्या या पुस्तकाचे शीर्षकच आपल्या पंगतीतील एका प्रिय कल्पनेला प्रश्न विचारते. कामावरून आल्यावर जे मिळेल त्यातून चूल पेटवणे हा ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा नित्यक्रम होता, त्यांच्या स्वयंपाकाला मराठी पाकग्रंथांनी जागाच दिली नव्हती. मध्यमवर्गीय घरातील दमलेली संध्याकाळ ही दुसरी स्त्रीही नोकरीला बाहेर पडल्यानंतरची, म्हणजे तुलनेने अलीकडची गोष्ट. शेतावर आणि रस्त्यावर राबणाऱ्या स्त्रीला ती कधीच नवी नव्हती. हैदराबाद संस्थानाच्या जुन्या आठवणी जपणाऱ्या आपल्या वाचकांनी मराठवाड्याचे हे पुस्तक त्या आठवणींशेजारी ठेवून वाचावे, अशी माझी शिफारस आहे.

श्रमाचे हे भान आणखी एका ठिकाणी व्यवहारात उतरले. मुंबईच्या गिरणगावात पाळीवरून येणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’च्या रूपाने उभी केली. थकलेल्या माणसाचे रात्रीचे जेवण हेही काम आहे, त्याला दाम आहे आणि ते करणारीला पत आहे, हे त्या संस्थेने प्रस्थापित केले. आपल्या पाकपुस्तकांच्या कर्ताहीन वाक्यांना मिळालेले हे एक उत्तर होते, असे मी समजतो.

आज परिस्थिती काय आहे? केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या, सहा वर्षांवरील स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. नोकरदार घरांपैकी अनेकांनी पोळ्या करणाऱ्या मावशींच्या आधाराने आपली संध्याकाळ सावरली आहे. पण मावशी चार घरच्या पोळ्या लाटून रात्री आपल्या घरी जातात, तेव्हा तेथेही चार माणसे जेवायची असतात. त्या घरची दमलेली संध्याकाळ कोणाच्या लेखात येते? आपल्या घरातील श्रम हलका झाला, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या खाद्यलेखनाने हा प्रश्न टाळू नये.

यावर कोणी म्हणेल, की पाकपुस्तक हे पाकपुस्तक आहे. त्याच्याकडून समाजशास्त्राची अपेक्षा का ठेवावी? आक्षेप ग्राह्य आहे. शिवाय रोजच्या स्वयंपाकाकडे केवळ कष्टाची कहाणी म्हणून पाहणेही एकांगी होईल. दिवसभर दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम केलेल्या माणसाला फोडणीत मोहरी तडतडल्याचा आवाज ऐकून आपण आपल्या घरी आलो, असे वाटते, हाही अनुभव खरा आहे. तोही लिहिला गेला पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की आनंद आणि थकवा ही दोन्ही एकाच ओट्यापाशी उभी असतात, आणि आपल्या वाङ्मयाने त्यांतील आनंद तेवढा सणाच्या दिवशी बोलावून घेतला.

सीमाभागातील आणि बाहेरील मराठी घरांच्या दृष्टीने यात प्रत्यक्ष काही पणाला लागलेले आहे. आपली भाषा ज्या थोड्या जागी अजून निर्वेध बोलली जाते, त्यांत स्वयंपाकघर मोडते. घरात येणारी सून अनेकदा माळवी, गुजराती, कानडी वा तेलुगू बोलणारी असते. तिच्यापर्यंत मराठी चव पोहोचवायची, तर पुरणपोळीची कृती देऊन भागणार नाही. ती वर्षातून दोनदा होईल. तिला बुधवारच्या रात्रीचा मराठी बेत हवा, आणि तो घरातील मुलग्यालाही यायला हवा.

म्हणून एक सूचना मांडतो. आपल्यापैकी अनेक घरांत आजी-आईच्या हाताने लिहिलेल्या पाककृतींच्या वह्या आहेत. त्या जपून ठेवण्याची, त्यांची नक्कल करण्याची चर्चा अधूनमधून होते. ती नक्कल करताना प्रत्येक कृतीपुढे चार गोष्टींची भर घालावी: हा पदार्थ आठवड्याच्या कोणत्या वारी, दिवसाच्या कोणत्या वेळी होत असे; त्याची पूर्वतयारी केव्हा आणि कोणी करून ठेवलेली असे; करणारे हात किती होते; आणि सर्वांत शेवटी कोण जेवत असे. ज्या मावशींनी, आत्यांनी वा कामाच्या बाईंनी भाजणी भाजली, त्यांची नावेही वहीत यावीत. कृती तीच राहील, वाटी-चमच्याची मापेही तीच राहतील. फक्त ‘कांदा चिरावा’ या वाक्याला त्याचा कर्ता मिळेल. ज्यांना हे सांगता येईल अशा व्यक्ती आज आपल्या घरांत ऐंशीच्या पुढे आहेत. पुढच्या उन्हाळ्याची वाट न पाहता हे काम सुरू व्हावे.